आजोबांच्या जागेवर आधी बगीचा, आता पुलाचा रस्ता: सही करायची का?

नमस्कार ताई,

तुमचा मेल दोनदा वाचला. थोडक्यात प्रकरण असं की ठाणे जिल्ह्यात खाडीकाठच्या गावात आजोबांच्या नावची 22 गुंठे जागा, 1999 पासून लागू असलेल्या विकास आराखड्यात तिच्यावर बगीच्याचं आरक्षण, इतक्या वर्षांत तिथे बाकडं सोडा साधा बोर्डही लागला नाही, आणि आता सर्व्हेवाले येऊन आंब्यांच्या मधून चुन्याच्या रेघा मारून गेले. म्हणे खाडीवर पूल होतोय, जोडरस्ता तुमच्या जागेतून जाणार आणि उरलेल्यात मेट्रो स्टेशनचं पार्किंग. मागच्या आठवड्यात एक साहेब छापील कागद घेऊन घरी आले, 'सहमतीपत्र व आगाऊ ताबा पावती', टीडीआर (जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) मिळेल म्हणाले, चुलत भावाने सही केली, बाबा थांबलेत. आणि काकांनी 2012 साली महापालिकेत एक अर्ज दिला होता त्यामुळे बगीच्याचं आरक्षण आपोआप उडालं असं अख्खं गाव सांगतंय.

बाबा थांबले हे फार बरं केलं. बाकी सगळं नंतर वाचा पण त्या ताबा पावतीवर आत्ता सही नको.

का ते सांगतो. जमिनीवर आरक्षण पडलं म्हणजे जमीन सरकारची झाली असं नसतं, मालक तुम्हीच, फक्त त्या आरक्षणाला सोडून दुसरं काही बांधायची परवानगी मिळत नाही. जमीन खरंच घ्यायची तर एमआरटीपी कायद्याच्या, म्हणजे महाराष्ट्राच्या प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या, कलम 126 प्रमाणे तीन रस्ते आहेत: एक तर तुमच्याशी बोलून ठरलेले पैसे देणं, नाहीतर पैशाऐवजी एफएसआय (त्याच जागेवर जास्तीचं बांधकाम) किंवा टीडीआर देणं, नाहीतर शासनाकडे जाऊन भूसंपादन करणं. पहिले दोन्ही तुमच्या संमतीचे आहेत, म्हणजे टीडीआरच घ्या नाहीतर काहीच मिळणार नाही असं कोणी दारात उभं राहून म्हणत असेल तर त्याला चहा पाजा आणि तेच लेखी द्या म्हणा. तिसऱ्या रस्त्याने गेले तर 2013 चा भूसंपादन कायदा लागतो आणि त्याच्या कलम 38 प्रमाणे मोबदला पूर्ण चुकता झाल्याशिवाय ताबा घेता येत नाही. तातडीचं कलम आहे, 40, पण ते संरक्षण, राष्ट्रीय सुरक्षा, नैसर्गिक आपत्ती असल्या गोष्टींसाठी, पुलाच्या जोडरस्त्याला ते लावता येणार नाही. आता बघा, कायदा म्हणतो आधी पैसे मग ताबा, आणि तुमच्याकडे आलेला कागद म्हणतो आधी ताबा, बाकीचं बघू. त्या एका सहीने तुमच्या हातातलं एकमेव हत्यार जातं. माझ्या एका अशिलाने असाच आगाऊ ताबा दिला, रस्ता झाला, रस्त्याला खड्डे पडले, खड्डे बुजवून पुन्हा पडले, आणि विकास हक्क प्रमाणपत्र, म्हणजे आपण डीआरसी म्हणतो ते, त्यानंतर आलं.

चुलत भावाच्या सहीची फार काळजी करू नका. सातबारावर अजून आजोबांचं नाव आहे, वाटणी झालेली नाही, त्यामुळे तो फार तर स्वतःच्या अविभक्त हिश्श्यापुरता बोलू शकतो. पण वारसांचा फेरफार लगेच करून घ्या आणि त्यात दोन्ही आत्यांची नावं घाला, आढेवेढे न घेता, त्यांचाही हिस्सा आहेच. नाहीतर मोबदल्याच्या दिवशी वाद निघेल, आणि वाद निघाला की रक्कम भूसंपादन प्राधिकरणाकडे जमा होते आणि तुम्ही सगळे मिळून तारखा मोजत बसता.

आता 2012 चा अर्ज. गावातल्या बोलण्यात अर्धं खरं आहे. कलम 127 सांगतं की अंतिम आराखडा लागू झाल्यापासून 10 वर्षांत जमीन घेतली नाही किंवा संपादनाचं डिक्लेरेशन राजपत्रात आलं नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि नोटीस पोचल्यापासून ठरावीक मुदतीत जमीन घेतली नाही किंवा संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे संपतं. ही मुदत सुरुवातीला 6 महिने होती, 2009 मध्ये 12 झाली, 2015 च्या दुरुस्तीनंतर 24 महिने. तुमची 10 वर्षं 2009 मध्येच भरली होती, म्हणजे काका वेळेत होते. पण 2009 पासून नोटिशीसोबत मालकी हक्काचे कागद जोडणं बंधनकारक आहे आणि तुम्ही पाठवलेल्या फोटोत मला एक पानी अर्ज दिसतो, विषय 'आरक्षण उठविणेबाबत', सही एकट्या काकांची, सोबत काय जोडलं याचा कुठे उल्लेख नाही. खाली आवक शिक्का आहे पण तारीख पुसट. कोर्टात समोरचा वकील पहिल्या दहा मिनिटांत म्हणेल ही नोटीसच नव्हे, विनंती अर्ज आहे. मी तुमच्या बाजूने भांडेन, भांडण्यासारखं आहेही, पण फक्त त्यावर घर बांधायला निघू नका.

म्हणून नवी नोटीस द्या, नीट. सगळ्या वारसांच्या सह्या, कलम 127 चा स्पष्ट उल्लेख, सातबारा, फेरफार, मोजणीचा नकाशा, डीपी रिमार्क (आराखड्यात जागेवर काय दाखवलंय त्याचा दाखला) सगळं जोडून, रजिस्टर एडीने पण आणि हातपोचही. त्यात 2012 चा अर्ज आम्ही सोडून देत नाही हे एक वाक्य घालायचं. समोरून उत्तर येईल की प्रस्ताव शासनाकडे पाठवला आहे. त्याने घाबरायचं नाही, गिरनार ट्रेडर्सच्या 2007 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की नुसता प्रस्ताव पाठवणं म्हणजे संपादनाचं पाऊल नव्हे.

आणि हे लवकर करा, कारण तुमच्या शहराचा सुधारित आराखडा येतोय. नोटीस दिलेली नसताना सुधारित आराखडा लागू झाला आणि त्यात आरक्षण कायम राहिलं तर 10 वर्षं नव्याने मोजायची, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. म्हणजे तुम्ही परत शून्यावर. मुंबईचा 2034 चा आराखडा बघा, 2015 चा पहिला मसुदा इतक्या चुकांचा निघाला की मुख्यमंत्र्यांनी तो नव्याने करायला लावला, मंजुरी मे 2018 मध्ये, अंमल 1 सप्टेंबर 2018 पासून, म्हणजे ज्यांनी आधी नोटीस दिली नाही त्यांची मोजणी तिथून.

पण ताई, एक गोष्ट गावात कोणी सांगणार नाही ती मी सांगतो. बगीचा उडाला म्हणजे पूल उडत नाही. आरक्षण व्यपगत झालं तर शेजारच्या जमिनीवर जे चालतं ते तुम्हाला करता येईल एवढंच, रस्त्यासाठी शासन रीतसर संपादन करू शकतंच. तुमची लढाई पूल थांबवायची नाही, किंमत आणि पद्धत यांची आहे. बगीच्याच्या जागेवर रस्ता आणि पार्किंग दाखवायचं तर आराखड्यात कलम 37 चा फेरबदल लागतो, त्याची नोटीस राजपत्रात आणि स्थानिक पेपरात येते, हरकतीला एक महिना मिळतो, आणि त्या फेरबदलाने आराखड्याचं मूळ स्वरूप बदलता कामा नये अशी अटही त्याच कलमात आहे. गावातली एकुलती एक बाग पार्किंगला देताय, बदली जागा कुठे, ही हरकत तुमच्यापेक्षा शेजारच्या सोसायट्यांनी घातली तर जास्त वजन पडेल. त्यांना सांगा. हो, म्हणजे एकाच जागेवर तुम्ही बाग नको म्हणताय आणि ते बाग हवी म्हणतायत, विचित्र दिसतं, पण दोघांचंही म्हणणं कायद्यात बसतं.

रेघा मारणारे नेमके कोणाचे होते तेही शोधा. मुंबई महानगर प्रदेशात 9 महापालिका, वर 1975 पासूनचं एमएमआरडीए म्हणजे प्रदेश विकास प्राधिकरण, शिवाय नवी मुंबईचं सिडको, रस्ते बांधणारं एमएसआरडीसी, मेट्रोवाले वेगळे. आलेल्या कागदावर ना जावक क्रमांक ना हुद्दा. 10 रुपयांचा आरटीआय टाका, जोडरस्त्याचा अलाइनमेंट नकाशा गट नंबरसह मागा, 30 दिवसांत उत्तर यायला हवं. तुम्ही फोटोत दाखवलेली ती तिवरांची रांग जागेच्या किती जवळ आहे? तिवरांपासून, म्हणजे कांदळवनापासून, 50 मीटरचा पट्टा मोकळा ठेवायचा असा मुंबई उच्च न्यायालयाचा सप्टेंबर 2018 चा निकाल आहे, सार्वजनिक कामाला तोडायची असली तरी कोर्टाची परवानगी लागते, बुलेट ट्रेनला पण डिसेंबर 2022 मध्ये घ्यावी लागली. हा पट्टा पुलवाल्यांना आडवा येतो तसा तुम्हालाही येतो, आरक्षण उडालं तरी तिथे बांधकाम नाही. म्हणून मोजणीत तिवरांचं अंतर दाखवून घ्या.

टीडीआर की पैसे? मुंबई सोडून इतर महापालिकांच्या नियमांत विरळ वस्तीत जमिनीच्या दुप्पट टीडीआर मिळतो. 22 गुंठे म्हणजे साधारण 2,225 चौरस मीटर, टीडीआर 4,450, ऐकायला छान. पण वापरताना तुमच्याकडचा रेडीरेकनर, म्हणजे जमिनीचा सरकारी दर, भागिले जिथे वापरणार तिथला रेडीरेकनर असा गुणाकार लागतो. समजा तुमच्याकडे 12,000 आणि तिकडे 48,000, तर 4,450 चे उरले 1,112. बिल्डर दर ठरवताना हेच गणित करतो, तुम्ही आधी करा. पैशाच्या रस्त्यात शहरी हद्दीत बाजारभाव, त्यावर 100 टक्के दिलासा रक्कम, आणि 12 टक्क्यांचा वाढीव घटक वेगळा. आंबे, विहीर, कुंपण यांचं मूल्यांकन निराळं होतं, तेव्हा पंचनाम्याला बाबांनी स्वतः उभं राहून झाडं मोजून घ्यावीत, कलमी किती रायवळ किती ते लिहून. मोबदल्याचा निवाडा पटला नाही तर दाद मागायची मुदत छोटी आहे, निवाड्याला हजर असाल तर 6 आठवडेच. टीडीआर विकला तर टॅक्स काय ते सीएला विचारा, माझा विषय नाही.

माझं मत विचारलंत तर तुमच्या जागेला पैसे बरे, फक्त दोन्ही आकडे लेखी हातात आल्यावर ठरवा. तोवर साहेब परत आले तर त्यांना एवढंच सांगा, वाटाघाटीला तयार आहोत, प्रस्ताव लेटरहेडवर द्या. भांडू नका, मोजणीला अडवू नका.

आणि 2012 च्या अर्जाची मूळ पोचप्रत काकूंच्या ट्रंकेत नक्की असेल, सापडली की व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवा, पण तुमच्या भावाने सातबारा लॅमिनेट केलाय तशी ती करू नका, शिक्क्याची शाई तपासायची वेळ येऊ शकते.