वाचक विचारतात : बडोद्यातले आठ महिने आणि अमेरिकेचं नागरिकत्व

प्रश्न : मुलाला ऑगस्ट २०२१ मध्ये ग्रीन कार्ड मिळालं. ह्यांच्या आजारपणात तो १० जानेवारी ते १२ सप्टेंबर २०२४ इथे होता. सूनबाई आणि नात तिकडेच होत्या, नोकरीही टिकली. पाच वर्षं झाली की अर्ज करता येईल ना?
– एक वाचक, दांडियाबाजार, बडोदे

उत्तर : दिवसांची अडचण बहुधा नाही. पाच वर्षांत निम्मे, म्हणजे ९१३ दिवस प्रत्यक्ष तिथे असावे लागतात. निघण्याचा आणि पोचण्याचा दिवसही त्यात धरतात. घोडं अडतं ते सलग वास्तव्यापाशी. एका फेरीत सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं, की सलगता तुटली असं कायदा गृहीत धरतो. ते खोडून काढायचं काम अर्जदाराचं. (वर्ष उलटलं असतं तर खोडायलाही वाव नव्हता.)

दवाखान्याचे कागद जोडा, पण त्यांच्यावर भिस्त नको. तो का गेला यापेक्षा त्याचं घर कुठे होतं, हे अधिकारी बघतो. नोकरी चालू होती असं कंपनीचं पत्र, त्या काळातला भाडेकरार किंवा गृहकर्जाचे हप्ते, नातीच्या शाळेचा दाखला, अमेरिकी कर खात्याकडचे ट्रान्सक्रिप्ट (भरलेल्या विवरणांचे उतारे) हवेत. त्या वर्षीचं विवरण अनिवासी म्हणून भरलं असेल किंवा इथे नोकरी धरली असेल, तर बाजू लंगडी पडते. री-एंट्री परमिट (लांब मुक्कामानंतर परतण्यासाठी आधी घेतलेला परवाना) घेतलं होतं म्हणून पुष्कळजण निर्धास्त राहतात. त्याने कार्ड वाचतं, पण सलगता वाचत नाही.

सून, नात, नोकरी सगळं तिकडेच होतं, म्हणून आमच्या मते अर्ज करावा. एन-४०० हा अर्ज पाच वर्षं पुरी होण्याच्या ९० दिवस आधीपासून भरता येतो. त्यात पाच वर्षांतली चोवीस तासांपेक्षा मोठी प्रत्येक फेरी लिहायची असते. ही फेरी गाळण्याचा मोह नको. विमानतळावरची नोंद त्यांच्याकडे असते, आणि खोटं बोलणं आठ महिन्यांपेक्षा महाग पडतं. अर्ज नामंजूर झाला तर ऑनलाइन भरलेले ७१० डॉलर गेले आणि परतल्यापासून साडेचार वर्षं, म्हणजे मार्च २०२९ च्या मध्यापर्यंत थांबणं आलं. नागरिकशास्त्राच्या तोंडी परीक्षेत आता १२८ प्रश्नांतले २० विचारतात, १२ बरोबर यावे लागतात.

प्रश्न : शपथेनंतर एकदा भारतीय पासपोर्टवर घरी येता येईल का? पादरा गावच्या शेतीचं काय?

उत्तर : येता येणार नाही. १९५५ च्या कायद्याच्या कलम ९ नुसार परदेशी नागरिकत्व घेताच भारतीय नागरिकत्व संपतं. तिकडे मुलाखत पास झाल्याने नव्हे, शपथेनेच माणूस नागरिक होतो. तोवर भारतीय पासपोर्ट चालतो. नंतर तो जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचं, मग ओसीआयचा (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या, कायम व्हिसासारख्या कार्डाचा) अर्ज. घाई असेल तर अमेरिकन पासपोर्टवर व्हिसा काढून यावं. ओसीआयधारकाला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने मात्र मिळू शकते.