नियुक्तीच्या करारातील रिकामी जागा

यांत्रिक अभियंता असून औद्योगिक डिझाइनच्या क्षेत्रात नवी उपकरणे घडवण्यासाठी परदेशी जावे का, आणि निघण्यापूर्वी कोणती तयारी करावी, असे आपण विचारले आहे. व्हिसा आणि पदव्यांचे मूल्यांकन यांविषयी सरकारी माहितीपत्रकांत वाचायला मिळेलच. त्यांत जे नसते तेवढेच लिहितो.

नोकरीच्या काळात लावलेल्या शोधांचे हक्क कंपनीकडे जातील, असे कलम नियुक्तीच्या करारात बहुधा असते. माझ्या करारात त्याखाली, आधी लावलेल्या शोधांची यादी देण्यासाठी, एक रिकामी जागा होती. मी ती कोरी सोडून सही केली. त्यापूर्वीची तीन वर्षे मी एका बिजागरीवर काम करत होतो, जी कोणत्याही कोनात स्थिर राहावी आणि एका हाताने मिटावी. आकृत्यांच्या वह्या होत्या, पण त्यांवर ना तारखा होत्या, ना साक्षीदाराची सही. रुजू झाल्यावर मोठ्या उत्साहाने मी ती कल्पना बैठकीत मांडली. दीड वर्षाने पेटंटचा अर्ज झाला, तेव्हा त्यावर शोधकर्ते म्हणून माझ्या दोन वरिष्ठांची नावे होती. शोधकर्त्याचे नाव पेटंटमध्ये नमूद होण्याचा हक्क औद्योगिक संपदेच्या संरक्षणाविषयीच्या पॅरिस कराराने मान्य केलेला आहे, आणि हे मला तेव्हाही ठाऊक होते. तरीही मी गप्प राहिलो, कारण माझा राहण्याचा परवाना त्याच नोकरीला बांधलेला होता आणि मुलीची शाळा नुकतीच दुसऱ्यांदा बदलावी लागली होती.

म्हणून ती यादी भरा. यंत्रणा कशी चालते याचे संरक्षण पेटंट करते, तर वस्तू कशी दिसते याचे संरक्षण डिझाइनची नोंदणी करते. पहिला अर्ज केल्यानंतर त्याच तारखेचा अग्रहक्क राखून इतर देशांत अर्ज करण्यासाठी पेटंटला १२ महिने मिळतात, डिझाइनला मात्र केवळ ६. मी दोन्हींची मुदत एकच समजत होतो. अर्ज न केलेली कल्पना मुलाखतीत उलगडून दाखवू नका. उलट आपणच विचारा, की चाचणीचा नमुना (प्रोटोटाइप) कोण बनवतो? ब्रिटिश संशोधक जेम्स डायसन यांनी पिशवीविरहित व्हॅक्यूम क्लीनरसाठी ५,१२७ नमुने केले. पगारी अभियंत्याला मात्र, बाह्य आकार आधीच ठरलेला असताना त्याच्या आत यंत्रणा बसवून देण्याचेच काम अनेकदा मिळते.

आणखी एक लहान गोष्ट. वस्तूच्या वेगवेगळ्या बाजूंची दृश्ये कागदावर मांडण्याच्या दोन पद्धती आहेत; आकृती प्रथम कोन प्रक्षेपातील आहे की तृतीय कोन प्रक्षेपातील, हे दर्शवणारे चिन्ह आधी पाहा, नाहीतर डावी-उजवी बाजू उलटलेला सुटा भाग तयार होऊन येतो.

एकटेपणाची फार चिंता करू नका. कामात तो निभतो.

मागच्या सुट्टीत मी त्या वह्या काढून बसलो होतो. मागाहून तारखा घालणे अप्रामाणिक ठरले असते, म्हणून तशाच पुन्हा बांधून ठेवल्या.