खेड्यात राहून कमी खर्चात इटालियन पद्धतीचा चिकन स्ट्यू कसा करायचा?

तुम्ही विचारलंय, ऑलिव्ह तेल आणि वाइन मिळत नाही, तर हा स्ट्यू होईल का, आणि अर्ध्या किलो चिकनमध्ये पाच माणसं जेवतील का. दोन्ही होतं. मी आर्वीजवळच्या खेड्यात राहते आणि हिवाळ्यात दोन-तीनदा तरी करतेच.

तुमच्या मनात आहे तो बहुधा ‘पोल्लो आल्ला काच्चातोरा’, म्हणजे शिकाऱ्याच्या पद्धतीची कोंबडी. इटलीत तो भागाभागात वेगळा होतो. काही ठिकाणी टोमॅटो नसतोच, व्हिनेगर असतं. तेव्हा वाइनऐवजी एक मोठा चमचा व्हिनेगर घालताना मनात किंतु आणू नका.

बचत दुकानापासूनच सुरू होते. चिकनवाले न विचारता कातडी सोलून टाकतात. ती ठेवायला सांगा, आणि मांडी, पाठ, मान असे हाडाचे तुकडे मागा. कातडीची चरबी सुटते, म्हणून तेल दोन चमचे पुरतं. हाडांमुळे रस्सा दाट होतो.

तुकडे फडक्याने कोरडे पुसून मीठ लावा. लोखंडी कढई चांगली तापली की तेल टाकून कातडीची बाजू खाली ठेवा, आणि मग हात लावू नका. आधी तुकडा बुडाला चिकटतो, ओढला तर कातडी फाटते. चार-पाच मिनिटांनी कड बदामी झाली की उलथन्याने जरा ढकलला तरी आपसूक सुटतो. तेव्हाच पालटा. स्ट्यूची निम्मी चव इथे तयार होते. इथे घाई झाली की चव लागत नाही, आणि मग हात मसाल्याच्या डब्याकडे जातो.

तुकडे काढून त्याच चरबीत तीन कांदे, एक गाजर बारीक चिरून आणि लसणाच्या सात-आठ ठेचलेल्या पाकळ्या मंद आचेवर पंधरा मिनिटं परता. व्हिनेगर आणि अर्धी वाटी पाणी टाकून बुडाची खरवड लगेच सोडवा आणि सगळं जाड बुडाच्या स्टीलच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, ओता. भेदरं, म्हणजे टोमॅटो, आंबट, लोखंडात फार वेळ शिजवली तर रस्सा काळपट होतो. जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, भांड्यातही नको.

भेदरं अर्धा किलो लागतात. जानेवारीत बाजाराच्या दिवशी संध्याकाळी गेलात तर पिकलेली, जरा दबलेली भेदरं अगदी स्वस्त मिळतात, आणि स्ट्यूला तीच चांगली. गरम पाण्यात टाकून साल काढा, कुस्करून घाला, कच्चा वास जाईपर्यंत शिजवा. मग चिकन, दोन बटाटे आणि वाटीभर उकडलेली चवळी. पाच जणांचं पोट या चवळीवर भरतं. इटलीतही चवळी खातात, त्यामुळे ती उपरी लागत नाही.

ब्रॉयलर मंद आचेवर अर्ध्या तासात होतो. घरची अंडी देऊन थकलेली कोंबडी असेल तर दीड-दोन तास धरा, आणि बटाटे शेवटच्या अर्ध्या तासात टाका.

वासासाठी बाटली विकत घेऊ नका. कुंडीतल्या पानओव्याची दोन पानं घाला, वास ओरेगॅनोच्या जवळ जातो. दोनच, जास्त झाली की औषधी लागतं. ज्याचं बी आपण सरबतात टाकतो तो सब्जा म्हणजे इटालियन बेझिलचीच जात. दारात असेल तर चार पानं उतरवताना टाका. बाकी काळे मिरे आणि एक सुकी मिरची. हळद, आलं, गरम मसाला नको, आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, तीही नको. सांबार पडला की तो आपला रोजचा रस्सा होतो.

सोबत पाव शोधू नका. उत्तर इटलीत असा रस्सा मक्याच्या पिठाच्या घट्ट पोलेंतावर वाढतात. आपल्याकडे ज्वारीच्या कण्या आहेत. एक वाटीला चार वाट्या पाणी आणि मीठ, गुठळी न होऊ देता घट्ट शिजवा. ताटात कण्यांच्या मधे खळगा करा आणि रस्सा त्यात गरमच ओता, गार झाल्यावर कण्या तो शोषत नाहीत.