लेखापालांना सीक्रेट की द्यावी का?

प्रश्न : आमच्या ऑनलाइन दुकानाचे पैसे स्ट्राइप या ऑनलाइन पेमेंट सेवेमार्फत जमा होतात. महिनाअखेरीचा ताळमेळ लावण्यासाठी बाहेरच्या लेखापालांनी आमची सीक्रेट की, म्हणजे सॉफ्टवेअरला आमचे स्ट्राइप खाते वापरू देणारा गुप्त संकेत, ईमेलने मागितली आहे. गृहस्थ विश्वासू आहेत. की द्यावी का?

उत्तर : देऊ नये. येथे प्रश्न गृहस्थांच्या सचोटीचा नाही. ‘एसके लाइव्ह’ने सुरू होणाऱ्या सीक्रेट कीने जमा रकमा तर दिसतातच, शिवाय ग्राहकाला परतावा देता येतो आणि नवी वसुलीही करता येते. लेखापालांना यांतले फक्त पाहणे हवे आहे.

त्यासाठी स्ट्राइपच्या डॅशबोर्डवर ‘रिस्ट्रिक्टेड की’ तयार करता येते. तिची सुरुवात ‘आरके’ने होते. व्यवहार, परतावे, ग्राहक, बँकेत वळती झालेली रक्कम अशा प्रत्येक बाबीसमोर ‘नन’ (काहीच नाही), ‘रीड’ (फक्त पाहणे) किंवा ‘राइट’ (बदल करणेही) यांपैकी एक निवडायचे असते. ताळमेळासाठी शिलकीच्या नोंदी, वसुली व पेआउट (बँकेत वळती झालेली रक्कम) यांवर ‘रीड’पासून सुरुवात करावी आणि बाकी सर्व ‘नन’ ठेवावे. ‘रीड’ने कोणाचे काय बिघडते, असे समजून ग्राहकांची नोंदवही मात्र उघडू नये, तिच्यात नावे, पत्ते आणि ईमेल असतात.

एखादी परवानगी कमी पडली तर सॉफ्टवेअरची विनंती ४०३ (परवानगी नाही) या त्रुटीने परत येते आणि कोणती परवानगी लागेल हे सहसा त्या संदेशातच लिहिलेले असते. म्हणून आधी टेस्ट मोडमध्ये, म्हणजे खरे पैसे हलत नाहीत अशा चाचणीच्या सोयीत, अशी की वापरून पाहावी आणि संदेश सांगेल तेवढीच भर घालावी. घाईत सगळीकडे ‘राइट’ निवडून मोकळे होणारे पुष्कळ आहेत. त्यांनी रिस्ट्रिक्टेड की तयार करण्याचे कष्टच का घेतले, हे कळत नाही.

ही की फक्त लेखापालांच्या सॉफ्टवेअरसाठी ठेवावी आणि तिला तसेच नाव द्यावे. पुढे लेखापाल बदलले, तर तेवढीच रद्द करता येते व दुकानाची वसुली चालू राहते. त्यांच्या सर्व्हरचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा क्रमांक) ठरलेला असेल, तर त्याच पत्त्यावरून ती चालावी असे बंधनही घालता येते.

सीक्रेट की आधीच ईमेलने गेली असेल, तर ईमेल पुसून भागणार नाही. की बदलून घ्यावी. बदलताना जुनी की काही काळ चालू ठेवण्याची सवलत मिळते. सर्व्हरवर नवी की बसवण्यापुरतीच ती घ्यावी, आणि अनोळखी व्यवहार दिसल्यास तेवढीही घेऊ नये.