नर्सिंगला जायचंय, पण कुठे? वाचकांचे प्रश्न

बारावीचा निकाल, सीईटीचा निकाल आणि कॅप राउंडच्या (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांच्या) तारखा असं सगळं एकावर एक आलं की या सदराच्या टपालात नर्सिंगशिवाय दुसरं काही सापडतच नाही. त्यातली सहा पत्रं या वेळी घेतलीत. मी आधी वॉर्डात नर्स आणि नंतर बरीच वर्षं ट्यूटर, त्यामुळे माझं मत वॉर्डाच्या बाजूने झुकलेलं असणार, तेवढं धरून वाचा.

प्रश्न: मॅडम, मुलीने बीएस्सी नर्सिंगची सीईटी दिली, पर्सेंटाइल बरे आलेत, आता ऑप्शन फॉर्म भरायचाय. नाशिक शहरातलं एक कॉलेज आहे, नवी बिल्डिंग, एसी वर्ग, घरून बसने येऊन-जाऊन होईल. दुसरं मेडिकल कॉलेजला जोडलेलं आहे पण लांब, हॉस्टेलला ठेवावं लागेल. मिस्टर म्हणतात दोन्ही सोडा, पुण्याचं डीम्ड (अभिमत विद्यापीठ) घेऊ, नाव मोठं आहे. आम्ही ओबीसी, उत्पन्न चार लाखांच्या आत. काय करू? (एक आई, सिन्नर)

ताई, आधी पैशाचं उरकून घेऊ कारण त्यात तुमच्या मिस्टरांच्या प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळतं. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ आहे. पण अट अशी की अॅडमिशन कॅपमधून झालेली हवी. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलं तर नाही, आणि डीम्ड किंवा खासगी विद्यापीठात घेतलं तरी नाही. म्हणजे पुण्याच्या त्या मोठ्या नावाला चारही वर्षं पूर्ण फी तुमच्या खिशातून. ते कॉलेज वाईट असेल असं मी अजिबात म्हणत नाही, पण चार लाखांच्या घरात हा हिशोब आधी कागदावर मांडा आणि मग मिस्टरांशी बोला. आणि हो, माफी फक्त ट्यूशन आणि परीक्षेची, हॉस्टेल, मेस, युनिफॉर्म, बस हे वेगळं भरावंच लागतं. खासगी कॉलेजची मंजूर फी किती ते शुल्क नियामक प्राधिकरणाच्या वेबसाइटवर कॉलेजवार दिलेलं असतं, ते बघून मगच ऑफिसात विचारायला जा, म्हणजे समोरच्याला कळतं की तुम्ही वाचून आलाय.

आता उरली दोन. एसी वर्ग बघून नर्सिंग कॉलेज निवडणं म्हणजे लग्नाचा हॉल बघून मुलगा पसंत करण्यासारखं आहे. चार वर्षांतला केवढा तरी वेळ मुलगी वॉर्डात असणार, वर्गात नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा नियमच आहे की बीएस्सीच्या कॉलेजला स्वतःचं निदान 100 बेडचं हॉस्पिटल हवं, प्रत्येक विद्यार्थ्यामागे 3 पेशंट आणि दर 10 विद्यार्थ्यांमागे 1 शिक्षक हवा. साधा गुणाकार करा, एका वेळी वॉर्डला 40 मुली गेल्या तर 120 पेशंट पाहिजेत, आणि ते खरोखर बेडवर झोपलेले पाहिजेत, बोर्डावर लिहिलेले बेड चालत नाहीत.

म्हणून प्रिन्सिपॉलच्या केबिनमध्ये चहा पिऊन परत येऊ नका. ते हॉस्पिटल कुठलं ते विचारा आणि भेटीच्या वेळेत मुलीला घेऊन तिथे चक्कर मारा, जनरल वॉर्डात. किती बेडवर नुसती गादी आहे ते मोजा. मग युनिफॉर्ममधल्या मुली काय करतायत ते बघा, बीपी घेतायत, सलाईनचे थेंब मोजतायत, पेशंटला कूस बदलायला मदत करतायत, का नर्सिंग स्टेशनला घोळका करून फाइलवरून केस स्टडी उतरवतायत? एका बेडभोवती आठ जणी उभ्या असतील तर त्यातल्या सहा जणी काही शिकत नाहीयेत. तिसऱ्या-चौथ्या वर्षाची एखादी मुलगी कँटीनला गाठा आणि विचारा, लेबर रूमला स्वतःच्या हाताने किती डिलिव्हरी केल्यास? पटकन आकडा सांगितला आणि पाठोपाठ एखादा किस्सा पण सांगितला तर कॉलेज बरं आहे. ती हसून मैत्रिणीकडे बघायला लागली तर समजून घ्या.

आणि जमलं तर तिचं प्रोसिजर बुक बघायला मागा. हे अगदी बारीक सांगते कारण बाहेरच्यांना माहीत नसतं. प्रत्येक मुलीकडे एक वही असते, कॅथेटर टाकलं, राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) टाकली, ड्रेसिंग केलं, की तारीख लिहायची आणि सुपरवाइज करणाऱ्या मॅडमची सही घ्यायची. खरं पुस्तक बघितल्यावर कळतं, सह्या वेगवेगळ्या हातांच्या, शाई वेगळी, कुठे बीटाडीनचा पिवळा डाग, कुठे खाडाखोड. आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात भरलेलं पण कळतं, तीन महिन्यांच्या सगळ्या सह्या एकाच पेनाने, एकाच तिरक्या ओळीत, कागद अगदी कोरा करकरीत. दोन्ही प्रकारची पुस्तकं माझ्या टेबलावर आलेली आहेत, आणि दुसऱ्या प्रकारातल्या मुली पहिल्या नोकरीत फार रडतात हो, त्यांचा काही दोष नसताना.

मेडिकल कॉलेजला जोडलेलं हॉस्पिटल म्हटलं की साधारण पेशंटची वाण नसते, तुम्ही आडगावला किंवा घोटीकडे गेलात तर ओपीडीची लाइन बघूनच अंदाज येईल. पण तिथेही मुलींना वॉर्डात काय करू देतात ते बघाच, मोठं हॉस्पिटल म्हणजे चांगलं शिक्षण असं आपोआप होत नाही. शहरातल्या कॉलेजचं हॉस्पिटल भरलेलं असेल आणि मुलींच्या पोस्टिंग (वॉर्डातल्या ड्यूट्या) सिव्हिलला लागत असतील तर तेही उत्तमच, सिव्हिलसारखा वॉर्ड शिकायला दुसरा नाही. तसं नसेल तर मी हॉस्टेलवालं वर टाकेन. तसंही सिन्नरहून रोज अपडाऊन आणि सकाळची पोस्टिंग यांचं जमत नाही, मुलगी पहिल्या सेमिस्टरलाच गळून जाते.

ऑप्शन फॉर्मचं एकच सांगते, खरंच जे पहिलं हवंय ते पहिलं टाका. "तिथे लागणार नाही म्हणून खाली टाकलं" असं बरेच पालक करतात, पण वरच्या पसंतीचं मिळालं नाही तर सिस्टीम खालच्याला जाते, तुमचं नुकसान काहीच नाही. आणि मिळालेल्या कॉलेजवर समाधान नसेल तर स्टेटस रिटेन्शन फॉर्म घाईत भरू नका, तो भरला की पुढच्या राउंडमधून बाहेर.

प्रश्न: मी देवळाली कॅम्पला राहते, बाबा आर्मीत होते. मला मिलिटरी नर्सिंग करायचंय, सीईटी दिली तर चालेल का? (अकरावी सायन्स)

नाही, त्याला नीटची परीक्षा लागते. राज्याची बीएस्सी नर्सिंग सीईटी 2023 पासून वेगळी सुरू झाली, 100 प्रश्न, 90 मिनिटं, निगेटिव्ह मार्किंग नाही, पण मिलिटरी नर्सिंगची निवड नीटच्या मार्कांवरून आणि मग त्यांची कॉम्प्युटर टेस्ट, इंटरव्ह्यू, मेडिकल असं होतं. फक्त मुलींसाठी, अविवाहित असायला हवं. देशभरात सहा कॉलेजं मिळून 220 जागा, आपल्याकडे पुण्याचं एएफएमसी (लष्कराचं मेडिकल कॉलेज) आणि मुंबईचं अश्विनी (नौदलाचं हॉस्पिटल). पास झालीस की थेट लेफ्टनंट, पण आधी नोकरीचा बाँड लिहून द्यावा लागतो, तो बाबांना बरोबर बसवून वाच. सीईटी पण दे, 220 जागांच्या भरवशावर एकच दार ठोठावून बसू नकोस.

प्रश्न: मी सुरगाण्याची, आदिवासी. बारावी आर्ट्सला 54 टक्के. आमच्याकडे आत्या आशाताई (गावातली आरोग्य स्वयंसेविका) आहे, तिच्यामुळे मला सिस्टर व्हायचंय. सर म्हणतात सायन्स नाही म्हणजे नर्सिंग विसर. खरंय का?

सरांना बीएस्सी म्हणायचं असेल, त्याला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी लागतंच. पण जीएनएमला (जनरल नर्सिंगचा डिप्लोमा) कुठलीही शाखा चालते, बारावीत इंग्रजी विषय आणि 40 टक्के हवेत, तुझं बसतंय. जीएनएम 3 वर्षांचं, एएनएम (सहाय्यक परिचारिकेचा कोर्स) 2 वर्षांचं. एएनएम झालेली मुलगी साधारण उपकेंद्रात आरोग्यसेविका होते, तुझ्या आत्याचं ज्यांच्याशी रोज काम पडतं त्याच सिस्टर. जीएनएम झालेली स्टाफ नर्स होते, सिव्हिलला, ग्रामीण रुग्णालयात किंवा खासगीत. मी म्हणेन जमत असेल तर जीएनएमच कर, एक वर्ष जास्त गेलं तरी चालेल, कारण पुढे नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन करून 2 वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतं आणि मग आर्ट्स की सायन्स हे कोणी विचारत नाही.

जात वैधता अजून काढली नसेल तर आजच मागे लाग, अॅडमिशनच्या वेळी सगळ्यात जास्त मुली तिथे अडकतात, मार्कांवर नाही. नाशिकला आदिवासी विकासच्या हॉस्टेलचा फॉर्म भर, हॉस्टेल नाही मिळालं तर स्वयम योजनेत राहण्या-जेवणाचे पैसे खात्यावर येतात. एक अवघड बाजू पण सांगते. पुस्तकं इंग्रजीत असतात आणि पहिलं वर्ष अॅनाटॉमीच्या नावांनीच दमवतं. आत्तापासून रोज दहा शब्द, मराठी अर्थासकट, वहीत. सायन्सवाल्या मुली पहिले सहा महिने पुढे असतात, नंतर वॉर्डात कोण पेशंटशी नीट बोलतं यावर सगळं येतं, आणि तिथे सुरगाणा-पेठकडच्या मुली मी कायम पुढे बघितल्यात, कोकणा (तिकडची आदिवासी बोली) बोलणारी आजी अॅडमिट झाली की अख्खा स्टाफ त्यांनाच हाका मारतो.

प्रश्न: मी मुलगा आहे, नाशिकरोड. बीएस्सी नर्सिंग लागतंय पण मित्र "सिस्टर" म्हणून चिडवतात. मुलांना स्कोप आहे का? डिलिव्हरीचा विषय असतो का आम्हाला?

असतो, आणि पास पण व्हावं लागतं, लेबर रूमच्या पोस्टिंगसकट. लाजू नकोस, पहिल्या दिवशी सगळेच लाजतात, मुली पण. स्कोपचं म्हणशील तर आयसीयू, ओटी, कॅथ लॅब, डायलिसिस, सायकियाट्री इथे मुलं भरपूर आहेत आणि हवी असतात. सरकारी बाजूला एम्सची नॉरसेट परीक्षा बघून ठेव, नर्सिंग ऑफिसरचं मूळ वेतन 44,900 पासून. फक्त तिथे 80 टक्के जागा महिलांना आणि 20 टक्के पुरुषांना असं वाटप आहे, म्हणजे तुझ्यासाठी कटऑफ जास्त चढतो, ते माहीत असून ये. बीएस्सीवाल्याला लगेच देता येते, जीएनएमवाल्याला मात्र 50 बेडच्या हॉस्पिटलचा 2 वर्षांचा अनुभव लागतो, म्हणून बीएस्सी लागत असेल तर सोडू नकोस. मित्रांचं काय, त्यांच्यापैकी एकाचे वडील अॅडमिट झाले की रात्री दोनला फोन तुलाच येणारे.

प्रश्न: आरोग्य विद्यापीठ आपल्या म्हसरूळलाच आहे, तिथे ओळख काढली तर नाशिकच्या मुलांना सीट मिळते का?

नाही. विद्यापीठ 1998 पासून इथे आहे, पण ते कॉलेजांना संलग्नता देतं, परीक्षा घेतं, डिग्री देतं. सीट देतो मुंबईचा सीईटी सेल, मेरिटवर. दिंडोरी रोडचं पेट्रोल वाचवा. जायचंच असेल तर त्यांच्या वेबसाइटवर जा आणि तुमच्या यादीतलं कॉलेज संलग्न आहे का आणि किती जागांना परवानगी आहे तेवढं बघा.

प्रश्न: पंचवटीत एकांची ओळख झाली, ते बेंगळुरूला बीएस्सी नर्सिंग करून देतात, सीईटी नको, हॉस्टेल-जेवण सगळं पॅकेजमध्ये, वर शंभर टक्के प्लेसमेंट. 20 हजार टोकन आणि मुलीचे ओरिजिनल दिलेत. आता घरात सगळे घाबरवतायत. (ईडब्ल्यूएस, इथल्या सीईटीत मार्क मध्यम)

दादा, घरातले बरोबर घाबरवतायत. बेंगळुरूला चांगली कॉलेजं आहेत, आपल्याकडच्या कितीतरी मुली तिथून शिकून आल्यात, त्यामुळे शहराला नावं ठेवण्यात अर्थ नाही. अडचण मधल्या माणसाची आहे. त्याला कॉलेजचं पूर्ण नाव लेखी मागा, नुसतं "बेंगळुरूचं टॉप कॉलेज" चालणार नाही. नाव मिळालं की राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या यादीत ते आहे का आणि या वर्षी किती जागांना मान्यता आहे ते तपासा, कर्नाटकच्या नर्सिंग कौन्सिलची मान्यता तपासा, हॉस्पिटल कुठलं आणि किती बेडचं ते कॉलेजच्या ऑफिसला स्वतः फोन करून विचारा, एजंटने दिलेल्या नंबरवर नाही. बरेचदा असं होतं की नाव एका कॉलेजचं सांगतात आणि मुलगी पोचते दुसऱ्याच कॉलेजात, शहराच्या पार बाहेर, आणि पोस्टिंगला दीड तास बसमध्ये.

नर्सिंगमध्ये डिग्रीइतकंच रजिस्ट्रेशन महत्त्वाचं. ते नसेल तर कुठलंही चांगलं हॉस्पिटल नोकरीवर घेत नाही. तिकडे शिकली की आधी तिकडच्या कौन्सिलला नोंदणी आणि मग महाराष्ट्रात ट्रान्सफर, या सगळ्याला महिने जातात आणि कॉलेजच्या मान्यतेत गडबड असेल तर तिथेच अडकतं. "शंभर टक्के प्लेसमेंट" म्हणणाऱ्याला मागच्या बॅचच्या दोन मुलींशी बोलणं करून द्यायला सांगा, नाशिकच्याच असल्या तर बरं.

आणि खर्चाचं काय सांगितलंय त्याने? ईडब्ल्यूएस मुलगी आहे, इथे कॅपमधून सीट लागली तर वर सिन्नरच्या ताईंना सांगितलेली फी माफी तुम्हाला पण लागू आहे, फक्त ईडब्ल्यूएसचा आणि उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा हवा, सेतूत आत्ताच अर्ज टाका. मध्यम मार्क म्हणजे पहिल्या राउंडला कदाचित नाही लागणार, पण पुढच्या राउंडला जागा हलतात, शेवटी कॉलेज पातळीवरचा राउंड असतो (त्यात फी माफी मिळते का ते मात्र आधी विचारा), तोपर्यंत धीर धरा. टोकनचे 20 हजार परत मिळाले तर ठीक, नाही मिळाले तरी त्यासाठी आणखी 80 भरू नका. ओरिजिनल मात्र कुठल्याही परिस्थितीत एजंटकडे ठेवायचे नाहीत, ते अॅडमिशन पक्की झाल्यावर कॉलेजलाच द्यायचे, तेही पावती घेऊन. उद्या सकाळी दोघं-तिघं मिळून त्यांच्याकडे जा आणि "बँकेच्या लोनला दाखवायचेत" म्हणा नाहीतर सरळ मागा, पण घेऊनच या, कागदपत्रं तपासणीला इथे तेच लागणारेत.