राज्य सरकारचं एकच खातं उद्यानं, इतिहास आणि कला हे सगळं सांभाळू शकतं का?

हो, आणि माझ्या मते तेच योग्य. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्याचं उदाहरण घ्या. तिथली राज्य उद्यानं 2015 मध्ये सांस्कृतिक खात्यात आली.

माउंट मिचेल बघा. लाकूडतोड वाढत चालली तेव्हा गव्हर्नर लॉक क्रेग यांनी हा डोंगर वाचवण्याचा आग्रह धरला, 1915 मध्ये कायदा झाला आणि राज्याचं पहिलं उद्यान उभं राहिलं. शिखराची उंची 6,684 फूट. ती मोजण्याच्या नादात 1857 मध्ये जीव गमावलेल्या प्राध्यापक एलिशा मिचेल यांची कबर शिखरावरच आहे. आता सांगा, फरच्या झाडांमधली ती कबर वनखात्याची की इतिहासाची? असा प्रश्न पडूच नये, म्हणून एकच खातं बरं.

कलेचंही तसंच. 1943 पासून राज्य आपल्या सिम्फनीला, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदाला, पैसे देतं, वादक गावोगावी जातात, शाळकरी मुलांसाठी वाजवतात. 1947 मध्ये तर विधिमंडळाने चित्रं विकत घ्यायला 10 लाख डॉलर मंजूर केले, त्यातून कलासंग्रहालय उभं राहिलं. जनतेच्या पैशातून चित्रं घेण्याची ही हिंमत मला फार मोलाची वाटते.

अडचण एकच: निधी आटला की सगळ्यांनाच एकदम झळ बसते.