घरातील नात्यांवरून मुलगा पुन्हा गुन्हा करील का, हे आधी सांगता येते का?

मुलांच्या समूहाविषयी काही अंशी सांगता येते. समोर बसलेल्या एका मुलाविषयी छातीठोकपणे सांगणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

माझा धाकटा भाऊ सतराव्या वर्षी मित्रांबरोबर मोटारसायकल चोरताना पकडला गेला. परिवीक्षा अधिकारी, म्हणजे अशा मुलाच्या घरची चौकशी करून अहवाल देणारे सरकारी अधिकारी, आमच्या घरी जेमतेम वीस मिनिटे बसले आणि त्यांनी अहवालात लिहिले, ‘वडील हयात नाहीत, आई दिवसभर कामावर, देखरेखीचा अभाव.’ आई कामावरून आल्यावर दाराशी खुर्ची टाकून बसत असे आणि तो आल्याखेरीज कडी लावत नसे, हे त्यात कोठेच नव्हते, कारण ते कोणी विचारलेच नाही. काकांनी तोच कागद पुढे करून, ‘बापाविना वाढलेलं पोर सुधारत नसतं, त्याला घरात घेऊ नका,’ असे सर्वांसमक्ष बजावले. आई काही बोलली नाही. त्या रात्रीही तिने खुर्ची दाराशी नेली.

बाप नसणे आणि देखरेख नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ग्लुक या अमेरिकन संशोधक दांपत्याने बोस्टनमधील ५०० गुन्हेगार आणि ५०० इतर मुलांची जमवलेली माहिती सॅम्पसन आणि लाउब या गुन्हेगारीशास्त्रज्ञांनी नव्याने तपासून १९९३ साली मांडली, तेव्हा घरात कोण आहे आणि कोण नाही यापेक्षा रोजची देखरेख, लहरी व कठोर शिक्षा आणि आईबापांशी असलेली जवळीक यांचेच पारडे जड ठरले. दक्षिण लंडनमधील ४११ मुलांचा १९६१ पासून चाललेला अभ्यास पाहिला, तर गुन्ह्यात शिक्षा झालेला बाप किंवा ढिली देखरेख यांनी धोका वाढतो हे खरे. पण अशा बापांच्या कित्येक मुलांवर कधीच गुन्हा शाबीत झाला नाही, हेही तितकेच खरे.

भाऊ वर्षभराने पुन्हा एकदा पकडला गेला, हे लपवणे योग्य होणार नाही. काका तेवढ्यापुरते बरोबर ठरले. पण आईने त्याला दुसऱ्यांदाही घरात घेतले आणि त्यानंतरच्या अकरा वर्षांत आमच्या दाराशी पोलीस आलेले नाहीत. ज्या घरात मारहाण चालते, तेथे मुलाला परत पाठवावे असे मात्र मी म्हणणार नाही.

तुमच्या घरी चौकशीला कोणी येणार असेल, तर मुलगा रात्री कोठे आणि कोणाबरोबर असतो, आणि तो वेळेवर आला नाही तर शोधायला कोण निघते, हे विचारण्याची वाट न पाहता सांगा आणि अहवालात लिहून घ्यायला लावा.